तलावापलीकडची हजेरी

गंगू सोनबा रामटेके, लग्नानंतरच्या गंगुबाई वाल्मिक नंदागवळी, यांना ते स्वप्न फक्त हिवाळ्यात पडायचं. तेही घरामागचा तलाव गोठल्यानंतर.

तलाव तरी कसला! कॅनडातल्या ब्रॅम्पटनमध्ये नवी घरं बांधताना पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी साठायला बिल्डर मोठा खड्डा खणून ठेवतात, तो. कडेने उंच गवत, दोन बाकं आणि एक पिवळी पाटी : बर्फावर जाऊ नये. पाटीवर बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या माणसाचं चित्र, एक हात वर केलेला. नात कल्याणी तेरा वर्षांची झाली, नको नको म्हणायला लागली, तरी गंगुबाई तिला रोज स्कूलबसपर्यंत सोडायच्या आणि परतताना तलावाशी थांबायच्या. चित्राकडे बघून म्हणायच्या, "आठ वर्सं झाली मले येऊन. या बिचाऱ्याले अजून कोणी काढलं नाही."

त्यांचा मुलगा हर्षवर्धन आणि माझा नवरा चारुदत्त एकाच ऑफिसात. आम्ही मिसिसागात, ते ब्रॅम्पटनला. वर्षातून दोन-तीनदा जाणं-येणं. आम्ही पुण्याचे, ते भंडारा जिल्ह्यातले. मी त्यांना मावशी म्हणत असे आणि त्या मला सुनेत्राबाई. त्यांच्या हातांकडे मी नेहमी बघत बसायची. हर्षवर्धनच्या शिक्षणासाठी त्यांनी बावीस वर्षं विड्या वळल्या होत्या, रोज हजार. आता वळायला काही नव्हतं, पण बोटांना ते कोणी सांगितलं नव्हतं. कागद हाती आला की बोटं चालायची. एकदा बसमध्ये त्यांनी, पुढच्या बसमध्ये दाखवायच्या ट्रान्सफरच्या चिठ्ठीची इतकी घट्ट विडी वळली की दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला ती उलगडता येईना. कल्याणी लाजेने लाल. "आजी, ओ माय गॉड!" गंगुबाई मात्र ड्रायव्हरला हिंदीत समजावत होत्या, "खोलो, खोलो, अंदर लिखा है."

माझी मुलगी जाई इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून समाजशास्त्राकडे गेली, तेव्हापासून माझी झोप पातळ झाली आहे. पुढे ती एमएला गेली आणि प्रबंधाचा विषय घेतला : म्हातारपणी परदेशात आलेल्या माणसांची स्वप्नं. इथे येऊन झोपल्यावर ही माणसं कुठे जातात? स्वप्नातलं घर कुठलं असतं, इथलं की तिथलं? आणि स्वप्नात बर्फ पडतो का?

"स्वप्नांवर रिसर्च?" चारुदत्त म्हणाला. "मग परीक्षा काय झोपेत घेणार?"

"बाबा, इट्स अ रिअल मेथड."

"असेल. मी पण रोज दुपारी मीटिंगमध्ये तीच मेथड वापरतो."

मी हसले नाही. मला नोकरी दिसत नव्हती, चारशे एक नंबरच्या हायवेवर रात्रीची टॅक्सी हाकणारी जाई दिसत होती. पण तिच्या टेपवरचे आवाज ऐकले आणि माझंही मन तिकडे ओढलं गेलं. अकरा म्हातारी माणसं. एका आजोबांच्या स्वप्नात त्यांची सायकल एअरपोर्टच्या सामानपट्ट्यावर फिरत यायची. एक बाई स्वप्नात रोज अंगण झाडायच्या आणि झाडल्या जागी पुन्हा बर्फ पडायचा. जाईला मराठी समजतं, पण बोलताना ती अडखळते, लिहिता तर येतच नाही. म्हणून मराठी मुलाखती ऐकून उतरवायचं काम मी घेतलं. ऑफिसातून आले की कानात हेडफोन, समोर वही. दोन-तीन तास मी कुठे असायची, माझं मलाच कळत नसे.

गंगुबाईंचं स्वप्न असं होतं.

"मी तलावाच्या काठावर उभी आहो. हा नाही, आमच्या गावचा. पण गोठलेला. आमचा तलाव कधी गोठन का, बाप्पा? पण सपनात गोठते. आमचा घाट इकडच्या टोकाले, म्हशी बसत तिथं. बाकी गावाचा घाट त्या बाजूनं, दगडाचा, पायऱ्या पायऱ्यांचा. तिकडं आमाले मनाई. आता मधात बरफ आहे, तं मी सरळ चालत निघाली. पायात चप्पल नाही, पण थंडी नाही वाजत. बरफाखाली कमळं दिसते. फुललेले. मासोळ्या त्याईच्या देठातून जाऊन राहिल्या. कोणी अडवत नाही. मंग त्या घाटावरून कोणी तरी माझं नाव घेते. पूर्ण नाव. मी जबाब द्याले तोंड उघडलं, का जाग येते. दरवेळी तिथंच."

जाईच्या प्रोफेसरबाई हे वाचून म्हणाल्या की तुझा प्रबंध या बर्फावर उभा राहील. जाईने त्या एका स्वप्नावर अख्खं प्रकरण लिहिलं.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

मुलाखतीआधी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. तुम्ही राजीखुशीने बोलताय, मनात आलं तर अमुक तारखेपर्यंत आपलं बोलणं मागे घेऊ शकता, वगैरे. चार पानं इंग्रजी. गंगुबाईंना ते मराठीतून मी समजावून सांगितलं, कारण जाई 'गोपनीयता' या शब्दावरच अडली होती. शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. एक : माझं खरं नाव छापावं. दुसरा : नाव बदलावं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, त्यांची सून आत बोलावत होती, आणि मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. विचारलं नाही. मनात म्हटलं, मनाई होती, वेगळा घाट होता, असलं सगळं. कशाला त्यांचं नाव बाहेर यावं? त्यांनाच अवघड वाटेल. मी त्यांची काळजीच घेतेय, असं मला अगदी खरं वाटलं होतं. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर दाबून, पूर्ण.

पुढे एका संध्याकाळी पोळ्या लाटताना जाईने विचारलं, "आई, मला अकरा खोटी नावं हवीत. ओल्ड पीपल टाइप." मी लाटता लाटता सांगत गेले. गंगुबाईंच्या वाट्याला लक्ष्मी आलं.

लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, ही जाईच्या प्रोफेसरबाईंची शिस्त. म्हणून २०१०च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी प्रकरण घेऊन ब्रॅम्पटनला गेलो. इंग्रजी होतं, म्हणून कल्याणी वाचत होती आणि मी मराठीत सांगत होते. गंगुबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या, डोळे मिटलेले, जणू आत्ताच काठावर पोचल्या होत्या.

कल्याणीने वाचलं, "लक्ष्मी, एज सेव्हंटी-वन, सेज..."

डोळे उघडले. "हे लक्ष्मी कोण?"

"आजी, दॅट्स यू."

"मी?"

"इट्स फॉर युवर प्रायव्हसी."

गंगुबाई आधी हसल्या. "माया घरात तिचा फोटो नाही, पन्नासाच्या वर वर्सं झाली आता. अन् मीच लक्ष्मी झाली का वं?" भिंतीवर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता. मी त्या भिंतीकडे बघायचं टाळलं.

मग त्यांचं हसू ओसरलं. "पोरी, मले एक सांग. तिकडच्या घाटावरून जे नाव घेते, ते माझं घेते. तू तिथं लक्ष्मी लिहिलं. मंग जबाब कोण देईन?"

जाई गोंधळली. "आजी, तुम्हीच तो बॉक्स टिक केला होता. नाव बदला असं."

"मी नाही केला."

माझ्या हातातला चहा सांडला. मी पुसायला फडकं शोधू लागले.

"माझं सपन वापस दे," गंगुबाई म्हणाल्या. रागाने नव्हे. शेजारणीकडून आपली चाळणी मागावी तसं. "तारीख आहे ना वापस घ्याची? महिन्याच्या शेवटी? मंग दे."

परतताना गाडी जाई चालवत होती. हायवेवर वाऱ्याने बर्फ सापासारखा रस्त्याच्या आडवा सरकत होता. "चॅप्टर गेला, आई," ती म्हणाली. "अख्खा चॅप्टर. शी साइन्ड इट! तू वाचून दाखवलंस ना तिला नीट?"

"दाखवलं," मी म्हणाले.

तीन दिवस मी ते 'दाखवलं' पोटात घेऊन फिरले. ऑफिसात बिलं तपासताना जिथे जिथे चौकोनात खूण दिसे, तिथे माझा हात थांबे. चौथ्या दिवशी जाई जेवायला बसली तेव्हा सांगून टाकलं.

तिने चमचा खाली ठेवला. "यू टिक्ड इट? न विचारता?"

"मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

"आई, इट्स नॉट अबाउट द नेम. त्यांची परवानगीच खोटी ठरते. मला युनिव्हर्सिटीच्या... एथिक्स कमिटीला कळवावं लागेल. ते इंटरव्ह्यूच फेकून द्यायला सांगतील कदाचित."

"नको कळवू ना. आपण गुपचूप नाव बदलू."

तिने माझ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांची माझी मुलगी, जिला मी अजून टोपी घातलीस का म्हणून विचारते. "बघ, पुन्हा तेच करतेयस तू," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, एकदाही न अडखळता.

त्याच रात्री तिने कमिटीला पत्र पाठवलं.

रविवारी मी एकटी बसने ब्रॅम्पटनला गेले. चारुदत्त गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटलं. काही गोष्टींना दोन बस बदलून गेलेलंच बरं. गंगुबाई तलावावर होत्या. सुनेचा लांब कोट, पायात नातीचे जांभळे बूट. बाकावरचा बर्फ त्यांनी हातानेच झाडला आणि मला जागा दिली.

"मावशी, ती खूण मी केली होती. तुम्हाला न विचारता."

"मले तवाच समजलं. तुमच्या हातातला चहा सांडला ना."

"चुकलं माझं."

त्या लगेच 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. तलावाकडे बघत राहिल्या. पांढऱ्यावर पांढरं ऊन पडलं होतं. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मला उगाच वाटलं की पलीकडे घरांच्या रांगेऐवजी पायऱ्या आहेत.

"मी दोन वर्सं शाळेत गेली," त्या म्हणाल्या. "शाळा त्या घाटाच्या वर, देवळाजवळच्या धर्मशाळेत. आमी तिघी पोरी घाटावर पाय न ठेवता मांगच्या वाटेनं जाओ अन् दाराच्या भायेर बसो, पायऱ्यांवर. मास्तर रोज हजेरी घे. एकेकाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासगट. त्यानं 'हजर' म्हणलं का मास्तर खूण करे. सगळे झाले का मंग मास्तर दाराकडं न पाहता म्हणे, 'बाकीच्या आल्या.' अन् वही मिटे. दोन वर्सं, सुनेत्राबाई. मी दोन वर्सं 'हजर' तोंडात धरून बसली. माझं नाव आलंच नाही."

त्यांच्या खिशात कसलीशी पावती होती. बोटं आपोआप ती वळत होती.

"सपनात कोण हाक मारते ते मले ठाऊक आहे. मी जाईले नाही सांगितलं. म्हणलं, हे सांगितलं तं तिले रडू येईन, मशीन बंद करन."

"मी सांगू तिला?"

"नोको. तुमी लय सांगता." मग थोडं हसून, "तिले येऊ द्या. ते बाई काय म्हणते, कमिटी, ते काय म्हणते ते पाहू."

उठताना त्यांनी ती वळलेली पावती माझ्या हातात दिली. मी ती अजून पर्समध्ये ठेवली आहे, उलगडलेली नाही.

कमिटीचं उत्तर सव्वीस तारखेला आलं. मुदतीला दोन दिवस उरले होते. मुलाखत ठेवता येईल, पण परवानगी पुन्हा घ्यावी. संपूर्ण फॉर्म त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, उत्तरं रेकॉर्ड करावीत. आणि वाचणारी व्यक्ती संशोधिकेची आई असू नये.

चारुदत्तने ती ओळ दोनदा वाचली. "सुनेत्रा, तू थेट युनिव्हर्सिटीच्या पत्रात," तो म्हणाला. माझा चेहरा बघून मग त्याने पत्राची घडी घातली.

जाईने दोन रात्री फॉर्म मराठीत करून देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांत लिहून काढला आणि आरशासमोर घोकला. मी शेजारच्या खोलीत ऐकत होते. ती 'स्वेच्छेने'वर पडायची, उठायची, पुन्हा पडायची. जाऊन सांगावं असं सारखं वाटे. नाही गेले. तिने पहिलं पाऊल टाकलं तेव्हासुद्धा मी इतकी लांब उभी राहिले नव्हते.

अठ्ठावीसला, शेवटच्या दिवशी, आम्ही गेलो. बर्फ पडत होता, मोठमोठ्या पाकळ्यांचा, वारा नसलेला, सगळे आवाज पोटात घेणारा. मला बाहेरच्या खोलीत बसायची परवानगी नव्हती. मी आणि कल्याणी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं.

जाईचा आवाज येत होता. चुका होत होत्या, गंगुबाई मधूनच विचारत होत्या, जाई हातवारे करून समजावत असावी. चार पानांना पाऊण तास लागला. मी वाचलं होतं तेव्हा दहा मिनिटांत उरकलं होतं.

"आता लास्ट," जाई म्हणाली. "तुमचं नाव छापायचं, की बदलायचं?"

"छापाचं. थांब. असं नाही." सोफा कुरकुरला. "पहिले माझं नाव घे. पूर्ण. माहेरचं, लग्नाच्या पयलेचं. गंगू, बाप सोनबा, आडनाव रामटेके. जोऱ्यानं घे. मी तिकडं उभी राहते."

"पण आजी, फॉर्मवर तर नंदागवळी..."

"तेही लिह्य. दोन्ही लिह्य. पण घेताना हे घे."

पावलं खोलीच्या टोकाला गेली, मागच्या काचेच्या दारापर्यंत, जिथून तलाव दिसतो. जाईला काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी फ्रिजला टेकून उभी होते.

"गंगू सोनबा रामटेके," जाईने वाचलं. शाळेतल्या बाईंसारखं, एकेक शब्द सुटा, थोडा कॅनेडियन.

 नुसता बर्फ पडत होता.

"हजर!" गंगुबाई म्हणाल्या.

इतक्या मोठ्याने म्हणाल्या की कल्याणी दचकली. "व्हाय इज शी यलिंग?" ती मला विचारू लागली. मी तिला जवळ घेतलं. बाहेरच्या खोलीतून जाईचा आवाज आला, "आजी, सो... दॅट मीन्स यस?" आणि गंगुबाई हसत सुटल्या, खोकला येईपर्यंत.

घरी येऊन मी माझं उतरवलेलं पुन्हा काढलं. टेप लावली. त्यांच्या 'मले'चं मी 'मला' केलं होतं, 'आहो'चं 'आहे', आणि म्हशींचं वाक्य गाळूनच टाकलं होतं. सगळं त्यांनी म्हटलं होतं तसं परत लिहिलं. जाईने त्यावरून इंग्रजी पुन्हा केलं आणि म्हशी परत घाटावर आल्या.

ऑगस्टमध्ये प्रबंध झाला. शंभर चौतीस पानं, निळी बांधणी. एक्केचाळिसाव्या पानावर दोन्ही नावं आहेत. जाईने प्रत नेऊन दिली तेव्हा गंगुबाईंनी ते पान कल्याणीकडून शोधून घेतलं, नावाचा आकार नीट बघितला आणि पुस्तक टीव्हीखालच्या कपाटात, पासपोर्टांच्या डब्यात ठेवलं.

त्या हिवाळ्यात तलाव लवकर गोठला. जानेवारीत आम्ही तिळगूळ घेऊन गेलो तर जाईने विचारलं, "आजी, ते स्वप्न?"

"नाही येत आता."

"ओह. सॉरी, आजी."

"सॉरी काहून? पोचली असन मी." आणि मग, डोळे मिचकावून, "तुया बुकात जाऊन बसलं ते. आता मी मस्त झोपते. परवा तं सपनात नुसती बसमधी बसली होती, खिडकीपाशी. ड्रायव्हरनं चिठ्ठी पण नाही मागितली."

याला आता तीन आठवडे झाले. जाई टोरांटोत मैत्रिणींबरोबर राहायला गेली आहे, आज फोन केला नाही, बाहेर उणे अठरा आहे. म्हणून मला झोप लागत नव्हती, आणि लागली तेव्हा मी त्या तलावावर होते.

दगडी घाटावर, वरच्या पायरीवर. समोर सगळं गोठलेलं, आणि बर्फाखाली कमळं, त्या म्हणाल्या होत्या तशीच, फुललेली. लांब पलीकडच्या काठावर कोणी तरी लहान मुलगी उभी होती, पायात काही नव्हतं. ती निघत नव्हती. का निघत नाही म्हणून मी काळजीत पडले, आणि मग लक्षात आलं की हजेरीची वही माझ्या हातात आहे. सगळ्या नावांपुढे खुणा झालेल्या. एकच राहिलेलं. ती थांबली होती ती माझ्यासाठी. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि जाग आली.

चारुदत्त शेजारी घोरत होता. मी स्वयंपाकघरात येऊन दिवा लावला, वही घेतली आणि आधी ते राहिलेलं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग पुढचं लिहीत गेले.